सात क्विंटलची चाकं

३ नोव्हेंबर २०२४, रविवार

भाऊबीज उरकून गावाहून परत आलो. गावी एक चूक केली. अण्णा शेजारी बसलेले असताना मोबाईलवर सायकलीच्या चाकांच्या किमती बघत बसलो. कार्बनची जोडी, ५० मिलिमीटर खोल रिम (चाकाची बाहेरची कडी). बाहेरून मागवली तर कस्टम आणि कुरिअर धरून ४८,५०० रुपये. अण्णांनी चष्मा वर करून आकडा वाचला. लांब धाग्याच्या कापसाचा यंदाचा हमीभाव ७,५२१ रुपये, तो त्यांना पाठ. "म्हंजी साडेसहा क्विंटल. वेचणी आन् गाडीभाडं धरलं तर सात." मग जरा थांबून, "आन् मग पायडल मारायचं नाही ना?"

मारायचंच आहे, हे त्यांना सांगितलं नाही.

आमच्या रविवारच्या ग्रुपात याच विचारात असलेले अजून तिघे आहेत, म्हणून तारखेवार लिहून ठेवतोय. सायकल: ॲल्युमिनियमची फ्रेम, कार्बनचा फोर्क, शिमानोचा टियाग्रा गिअरसंच, मागे १० गिअर, आणि रिमलाच दाबणारे रिम ब्रेक. सेकंडहँड घेतली त्याला पाच वर्षं झाली. चाकं सायकलीबरोबर आली तीच. मी ७२ किलो. फेरी नेहमीची: दौलताबाद, घाट, खुलताबाद, आणि अंगात दम असेल तर म्हैसमाळ. वर्षातून एखादी २०० किलोमीटरची बीआरएम, म्हणजे ठरलेल्या मुदतीत पुरी करायची लांब फेरी. साडेतेरा तासांची मुदत असते, मी अकरा-साडेअकरात येतो. थोडक्यात, शर्यतीचा माणूस नाही.

१० नोव्हेंबर, रविवार

ग्रुपातल्या डॉक्टरने नवी डिस्क ब्रेकची (ब्रेक रिमला नाही, चाकाच्या मधल्या चकतीला लागतो) सायकल घेतल्यापासून त्याची जुनी कार्बनची जोडी क्लिनिकच्या मागच्या खोलीत खिळ्याला टांगलेली आहे. "ने महिनाभर. पण आपले रबर लावू नको, माझेच लाव," म्हणाला आणि ब्रेकच्या पॅडची पुडी हातात दिली. ॲल्युमिनियमच्या रिमवर घासलेल्या रबरात धातूचे बारीक कण रुततात आणि ते कार्बनला कानशीसारखे खरवडतात.

सकाळी शेंद्र्याला. ऑरिक औद्योगिक वसाहतीतले आतले रस्ते रुंद आणि सपाट आहेत, रविवारी सकाळी मोकळे असतात. ६.४ किलोमीटरची एक फेरी, अशा तीन. माझ्याकडे पॉवर मीटर (पायाचा जोर मोजणारं यंत्र) नाही, म्हणून छातीला पट्टा लावून ठोके १४५ वर ठेवायचे आणि सरासरी वेग बघायचा. आधी माझी चाकं: ताशी २८.६ किलोमीटर. मग डॉक्टरची.

इथे अर्धा तास गेला. कॅसेट (मागच्या गिअरच्या दातेरी चकत्यांचा गठ्ठा) इकडून काढून तिकडे चढवली, तिला धरणारी लॉकरिंग आवळली, तरी कॅसेट लटलट हलतेय. पुन्हा उघडली, पुन्हा आवळली, तेच. शेवटी लक्षात आलं. ११ गिअरच्या फ्रीहबवर (चाकाच्या ज्या भागावर कॅसेट चढते तो) १० गिअरची कॅसेट बसवताना मागे १.८५ मिलिमीटरचा स्पेसर, म्हणजे पातळ कडं, लागतो. माझ्या चाकावर तो होता, आणि पाच वर्षांच्या ग्रीसने तिथेच चिकटून बसला होता.

त्यानंतरच्या तीन फेऱ्या: ३०.२.

तब्बल १.६ ने जास्त! आणि तो आवाज. पोकळ रिममधून येणारी एक घूं अशी घुमार, मागून कोणी मोठ्या माणसाने हुंकार द्यावा तशी. घरी येताना चिकलठाण्यापर्यंत मनातल्या मनात कर्जाचे हप्ते पाडले.

११ नोव्हेंबर

सकाळी कंपनीच्या बसमध्ये, वाळूजच्या अलीकडे, डोक्यात लख्ख उजेड पडला. डॉक्टरच्या चाकांवर रेसिंगचे टायर आहेत. माझ्या चाकांवर तारेच्या कडेचे जाड ट्रेनिंग टायर, तेही तीन वर्षांचे, वर ११० पीएसआय हवा ठोकलेली. बारा वर्षं कंपनीच्या क्वालिटी विभागात काढली. पोरांना रोज सांगतो की एका वेळी एकच गोष्ट बदला. आणि स्वतः रिम, टायर, ट्यूब, हवा अशा चार गोष्टी एकदम बदलून आकड्यावर नाचत होतो.

कालची नोंद खोडत नाही. असू दे.

१३ नोव्हेंबर

गल्लीतल्या किराणा दुकानाच्या काट्यावर दोन्ही जोड्या तोलल्या, टायर-कॅसेट काढून. माझी १,९५० ग्रॅम. डॉक्टरची १,५५०. दुकानदाराने विचारलं, "विकायला काढली का?"

फरक ४०० ग्रॅम. मी, सायकल, पाण्याच्या बाटल्या मिळून ८४ किलो. त्यातले ४०० ग्रॅम म्हणजे अर्धा टक्काही नाही. दौलताबादच्या रसवंतीपासून घाटमाथ्यापर्यंत मला पावणेपंधरा मिनिटांच्या आसपास लागतात. त्यातून वजनामुळे वाचणार सेकंद चार. चाकाचं वजन फिरतं असतं, ते दुप्पट मोजावं, असं ग्रुपात कोणीतरी छातीठोक सांगतं. ते वेग पकडतानापुरतं खरं. घाटात एका लयीत चढताना वजन ते वजन, मग ते चाकात असो की पोटात.

टायर मागवले. डॉक्टरच्या चाकांवर आहेत तेच मॉडेल, पण जरा आराम मिळावा म्हणून २८ मिलिमीटर रुंदीचे. जोडी ९,२०० रुपये.

१८ नोव्हेंबर

२८ चा टायर मागे बसवला, हवा भरली, चाक फिरवलं, खर्र. वर कॅलिपरला (ब्रेकच्या चिमट्याला) घासतोय. जुन्या रिम ब्रेकच्या सायकलीत जागा किती आहे हे विकत घेण्याआधी मोजायचं असतं. मी विकत घेतल्यावर मोजली. टायर आणि कॅलिपर यांच्यामध्ये पोस्टकार्डही जात नव्हतं. परत पाठवून २५ चे मागवले. कुरिअरचे ४५० रुपये आणि आठवडा पाण्यात.

ट्यूबसाठी त्या नव्या पारदर्शक टीपीयू प्लास्टिकच्या बघत होतो, पस्तीस-चाळीस ग्रॅमच्या. पण रिम तापते तिथे, म्हणजे रिम ब्रेकवर, त्या वापरू नका असं त्यातल्या काहींच्या डबीवरच छापलेलं असतं. साध्या रबराच्याच हलक्या घेतल्या. दोन ट्यूब, ११०० रुपये.

२० नोव्हेंबर, बुधवार

मतदानाची सुट्टी. आठ वाजता बोटाला शाई लावून आलो आणि गॅलरीत पेपर पसरून हब (चाकांचे मधले तुंबे) उघडले.

पुढचा हब हाताने फिरवला तर खडे भरल्यासारखा कुरकुरत होता. पाच वर्षांत मी तो एकदाही उघडला नव्हता, हे इथे कबूल करतो. आत ग्रीस नव्हतंच. जे होतं ते काळ्या मेणासारखं वाळलेलं, त्यात शेंद्र्याची धूळ. मागचा त्यातल्या त्यात बरा. मागच्यात एका बाजूला पाव इंची ९ छर्रे, दोन्हीकडचे मिळून १८. रॉकेलमध्ये धुतले, पोरीच्या डब्याच्या झाकणात मोजून ठेवले, आणि झाकणाला माझाच कोपर लागला. १७ सापडले. अठरावा गॅलरीच्या पाणी जायच्या भोकातून खालच्या मजल्यावर गेला असावा.

एक हरवला तर एकच नवा टाकू नये. जुने झिजून कणभर बारीक झालेले असतात, नवा मोठा पडतो आणि सगळा भार त्याच्यावर येतो. पूर्ण संच नवा घ्यावा. मतदानामुळे दुकानं दुपारनंतर उघडली. पैठण गेटजवळ आमचे एक चाचा आहेत, सायकली दुरुस्त करण्यात त्यांचे केस पांढरे झाले. त्यांच्याकडून छर्रे आणि ग्रीस मिळून १८० रुपये.

कोन (हबातले छर्रे जागेवर धरणारा शंकूसारखा नट) आवळण्याची गोम चाचांनीच सांगितली, ती लिहून ठेवतो. हब टेबलावर अगदी नीट, बिनखेळाचा वाटला तर तो सायकलीवर घट्ट होणार, कारण क्विक रिलीज (चाक आवळायची लिव्हर) दाबला की ॲक्सल, म्हणजे चाकाचा आस, किंचित दबतो. म्हणून हातात असताना केसभर खेळ ठेवायचा. लिव्हर दाबल्यावर तो गेला पाहिजे. मला हे जमायला सात वेळा कोन उघडावा लागला. सगळं मिळून पाच तास. चाचा म्हणे वीस मिनिटांत करतात.

चाक आता हवेत फिरवलं तर थांबायचं नावच घेत नाही. थांबताना व्हॉल्व्हच्या वजनाने मागेपुढे झुलतं.

२४ नोव्हेंबर, रविवार

२५ चे टायर कालच आले. हवा ११० वरून ८५ वर आणली. माझीच चाकं, नवे टायर, साफ हब. शेंद्रा, तीन फेऱ्या, ठोके १४५: २९.७.

म्हणजे १.६ मधले १.१ टायर, हवा आणि ग्रीस यांचेच होते. त्यातलं ग्रीसचं किती आणि टायरचं किती ते विचारू नका. पुन्हा एकदम तीन गोष्टी बदलल्या, पण या वेळी त्या तिन्ही ठेवायच्याच आहेत.

परतून लगेच दुसऱ्या दिशेला, घाटात. रसवंती ते माथा १४ मिनिटं ३८ सेकंद. ८५ पीएसआयवर छावणीच्या पुढचा खडबडीत तुकडा दुसऱ्याच कुठल्या तरी रस्त्यासारखा वाटला. आजवर ११० भरून हाताला मुंग्या का आणत होतो कोणास ठाऊक. पायथ्याशी सीताफळवाल्यांच्या शेवटच्या पाट्या आहेत, फळं आता लहान आणि महाग.

१ डिसेंबर, रविवार

खरी तुलना आज. एकाच सकाळी माझी चाकं, मग कार्बन, मग पुन्हा माझी. टायर सारखे, हवा सारखी. एका दिवसाचा वारा दुसऱ्या दिवशी नसतो, म्हणून शेवटी पुन्हा सुरुवातीच्याच चाकांवर यायचं.

सांगायला सोपं. प्रत्यक्षात रस्त्याच्या कडेला उकिडवं बसून दर वेळी चाकं, कॅसेट, चारही पॅड बदलायचे आणि कॅलिपरही जुळवायचा, कारण कार्बनची रिम बाहेरून पाच-एक मिलिमीटर रुंद आहे. वसाहतीचा सुरक्षारक्षक दोनदा मोटरसायकलवर येऊन बघून गेला. तिसऱ्यांदा थांबला. "साहेब, हे रोज खराब होतं का?"

घाईत पॅड चढवताना डावे-उजवे उलटे झाले. पॅडच्या खोबणीचं बंद तोंड पुढे पाहिजे, कारण ब्रेक दाबला की रिम पॅडला पुढेच ओढते. माझं उघडं तोंड पुढे, वर बारीक स्क्रू अर्धवट आवळलेला. पहिल्याच वळणावर ब्रेक दाबला आणि पुढचा एक पॅड टुणकन निघून गवतात. वेग दहा-बाराचा होता म्हणून हे इतक्या शांतपणे लिहितोय. पॅड शोधायला पंधरा मिनिटं. तोवर रक्षकही गवतात वाकलेला.

आकडे: माझी २९.७, कार्बन ३०.२, पुन्हा माझी २९.९.

फायदा आहे. नाही म्हणणार नाही. अर्धा म्हणा, ०.३ म्हणा. पण माझ्याच चाकांत दीड तासात ०.२ चा फरक पडला, तेव्हा यापलीकडे बारीक मोजायची माझी ऐपत नाही. मधला ०.४ धरला तर १०० किलोमीटरला पावणेतीन मिनिटं. बिडकीनला आम्ही भज्यांची कढई तापायची वाट बघतो, त्याला याहून जास्त वेळ जातो.

८ डिसेंबर, रविवार

कार्बन घेऊन पूर्ण फेरी, म्हैसमाळपर्यंत. आजची नोंद लांबणार.

चढताना: घाट १४ मिनिटं ३१ सेकंद. हिशेबाने चार सेकंद वाचायला हवे होते, सात वाचले. उरलेले तीन कागजीपुऱ्याच्या बाजूने आलेल्या कुत्र्याचे.

वारा: खुलताबाद सोडून म्हैसमाळच्या वाटेला लागलं की दोन्ही बाजूंनी उघडं पठार. पूर्वेचा वारा आडवा. ५० मिलिमीटरची रिम म्हणजे चाकाला लावलेलं लहान शीडच. सरळ वारा सोसता येतो, झुळूक अचानक सुटली तर हँडल झटका खातं. समोरून लालपरी आली. तिने आधी वारा अडवला आणि ती गेल्यावर तो एकदम सोडला. मी जवळजवळ वीतभर सरकलो. मागे कोणी नव्हतं. त्यानंतर म्हैसमाळपर्यंत खांदे कानाला लागलेले. डॉक्टर म्हणतो सवय होते. होत असेल.

पंक्चर: परतताना खुलताबादच्या दोन-अडीच किलोमीटर अलीकडे मागचं चाक बसलं. वेड्या बाभळीचा काटा, पाऊण इंच, टायरच्या बरोबर मधोमध. आपल्याकडे रस्त्याकडेच्या बाभळी छाटतात आणि फांद्या तिथेच टाकतात, तेव्हा यात नवल काहीच नाही. ट्यूब काढली, नवी काढली, आणि तिचा व्हॉल्व्ह रिमच्या बाहेर येईना. माझ्या ट्यूबचा व्हॉल्व्ह ४८ मिलिमीटरचा, रिम ५० ची. डॉक्टरच्या ट्यूबला ८० चा व्हॉल्व्ह आहे हे मी महिनाभर बघतोय, पण खिशातली ट्यूब माझ्याच चाकाची. ठिगळाची डबी ठेवत नाही, कारण "मी ट्यूबच बदलतो".

क्लीटच्या (तळाला पायडलमध्ये अडकायची खीळ असलेल्या) बुटांवर टक टक करत सायकल ढकलत खुलताबाद गाठलं. पंक्चरवाल्याने रिमवर टिचकी मारली. "ये कायका है भाई, पिलास्टिक का?" कार्बनचं, म्हणालो. "पिलास्टिकइच बोलो ना." ठिगळ त्याने झकास लावलं, वीस रुपयांत. पण त्याच्या कॉम्प्रेसरचं तोंड मोटरसायकलच्या व्हॉल्व्हचं, माझा व्हॉल्व्ह बारीक. शेवटी माझ्याच हातपंपाने हवा, तीनशे तरी झटके. एकूण एक तास दहा मिनिटं.

उतार: आणि आता ज्यासाठी ही नोंद लिहितोय ते.

कार्बनच्या रिमवर ब्रेक लावायची रीत सगळीकडे एकच सांगितलेली असते. वळणाआधी जोरात दाबा, सोडा, रिमला वारा लागू द्या. धरून ठेवू नका. ॲल्युमिनियम उष्णता लगेच सगळीकडे पसरवतं. कार्बन पसरवत नाही, ती पॅडखालच्या पट्टीतच साठते, आणि रिम ज्या रेझिनने बांधलेली असते ते जास्त तापलं की मऊ पडतं. मग आतल्या हवेच्या दाबाने रिमची कड बाहेर फुगू शकते.

रीत मला माहीत होती. घाटाला माहीत नव्हती. रविवार, साडेदहा, वेरूळहून परतणाऱ्या सहलीच्या गाड्या. माझ्यापुढे शाळेची बस, तिच्यापुढे अजून गाड्या, आणि सगळ्यांच्या पुढे ती जुनी दगडी कमान, जिच्यातून एका वेळी एकच मोठं वाहन निघतं. मागे ट्रक. ओव्हरटेक नाही, थांबायला कड नाही. कठड्यावर माकडं बसलेली. तासाला दहा-बाराच्या वेगाने ब्रेक धरूनच उतरायचं, सोडला तर बसच्या मागच्या काचेत. ब्रेक आधी किंचाळले, मग किंचाळणं बंद झालं आणि लिव्हर थोडी आत गेल्यासारखी वाटली. मग वास. प्लास्टिकची पिशवी चुलीजवळ राहिल्यावर येतो तसा, पण बारीक.

कमानीच्या अलीकडे जरा जागा मिळाली तिथे उतरलो. रिमला बोट लावलं आणि काढलं. तर्जनीवर अजून फोड आहे. दहा मिनिटं सायकल धरून उभा राहिलो. रिमला काही झालेलं नव्हतं, घरी येऊन सरळ पट्टी लावून चारी बाजूंनी तपासलं. पण त्या दहा मिनिटांत हप्त्यांचा हिशेब आपोआप मिटला.

डॉक्टरला फोन करून सगळं सांगितलं. तो म्हणाला, "अरे, म्हणूनच तर मी डिस्क घेतली." हे महिन्यापूर्वी सांगितलं असतं तर! डिस्क ब्रेकला रिम तापायचा प्रश्नच येत नाही. ज्यांच्या सायकलीला डिस्क आहे त्यांनी आजच्या नोंदीतला हा भाग सोडून द्यावा. वारा आणि काटे मात्र त्यांनाही आहेत.

१२ डिसेंबर

विषय संपला असं वाटलं होतं. माझी चाकं परत चढवताना पुढच्या रिमच्या ब्रेकपट्टीवर बोट फिरलं तर मध्ये खळगा लागला. स्टीलची पट्टी आडवी धरून फटीत फिलर गेज (ठरावीक जाडीची पात) घातला: ०.५ मिलिमीटर सहज जातो. झिजेची खूण म्हणून रिमवर एक बारीक टिंब असतं, ते शोधलं. नाही. कधीच झिजून गेलंय. याचा अर्थ चाकं बदलायची हौस नव्हे, गरज आहे. अशी रिम एखाद्या दिवशी हवेच्या दाबानेच फाटते.

रात्री डॉक्टरला हे बोललो आणि त्याने लगेच, "मग घेऊन टाक माझी. पंचवीस हजार."

पंचवीस. नव्याच्या जवळपास निम्मी. टायरसकट.

१५ डिसेंबर

तीन दिवस पंचवीस हजार डोक्यात. सपाटीला कार्बन आणि घाटाला दुसरी साधी जोडी, असाही विचार केला. पण शेंद्र्याला चाकं-पॅड बदलायला किती वेळ जातो ते पाहिलंय. डॉक्टरनेही सुरुवातीला तसं केलं होतं, महिनाभरात कंटाळला. आणि माझ्या दहातल्या आठ फेऱ्या घाटाच्याच. पावसाळ्यात ओल्या कार्बनवर ब्रेक किती उशिरा लागतो ते त्यालाच विचारलं, तर तो हसला.

दुसरा पर्याय, कंपनीची तयार ॲल्युमिनियमची जोडी, साधारण १४,५००. दिसायला छान, पण तारा (स्पोक) मोजक्या आणि चपट्या, खास त्याच चाकाच्या. एक तुटली की पुण्याहून यायची वाट बघा, आणि कमी तारांच्या चाकात एक तुटली तर चाक ब्रेकला घासायला लागतं, घरी येणं मुश्कील.

तिसरा: सुटे भाग घेऊन चाचांकडून चाक बांधून घ्यायचं. ३२ भोकांचे हब ५,६००. रिम दोन, ७,८००. साध्या वाकड्या मुंडीच्या तारा आणि निपल (तार रिमला आवळणारे बारीक नट), ६४ चे १,९२०. रिमटेप ३००, कुरिअर ३८०, चाचांची मजुरी १,०००. बरोबर १७,०००. तयार जोडीपेक्षा अडीच हजार महाग, डॉक्टरच्या चाकांपेक्षा आठ हजार स्वस्त. तार तुटली तर तशी तार बीडलाही मिळेल, जालन्यालाही.

हेच ठरवलं. डॉक्टरची जोडी पुसून, पॅडच्या पुडीसकट परत. खिळ्यावर टांगताना चाक एकदा फिरवलं. घूं.

२५ डिसेंबर, बुधवार

नाताळची सुट्टी. भाग आले. चाचांच्या शेजारी स्टूल टाकून बसलो. अट एवढीच की मागचं चाक मी ओवणार.

तारांची लांबी मीच काढून दिली होती: पुढच्या ३२ आणि मागच्या डाव्या १६, सगळ्या २९२ मिलिमीटर, मागच्या उजव्या १६ मात्र २९०. कॅसेटच्या बाजूला हबची चकती आत सरकलेली असते, म्हणून तिकडच्या तारा आखूड. दोन मिलिमीटरचा फरक डोळ्यांना दिसत नाही. हे माहीत असूनही घरी मोजून झाल्यावर मी सगळ्या तारा एकाच पिशवीत भरल्या.

पुढचं चाक चाचांनी बांधलं आणि पिशवीतल्या हाताला येतील त्या तारा घेत गेले. मागचं मी ओवलं. तीन क्रॉस, म्हणजे प्रत्येक तार दुसऱ्या तीन तारांना ओलांडून, दोनदा चुकून, अडीच तासांत. मग आवळायला घेतलं तर डावीकडच्या काही तारा निपलमध्ये जेमतेम पोचतात आणि उजवीकडे काहींची टोकं निपलच्या खाचेतून वर डोकावतात. चाचांनी एक तार काढली, दुसरीशेजारी धरली, चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "मियाँ, कंपनी में नापने काइच काम है ना तुम्हारा?"

दोन्ही चाकं उघडली. ६४ तारा एकेक करून पट्टीवर मोजल्या, दोन ढीग केले, २९० च्या ढिगाला रबर लावलं. दुपारचं जेवण राहिलं. साडेसहाला दुकानात दिवा लावून चाचा मागचं चाक आवळत होते. एक चक्कर, अर्धी चक्कर, आणि मध्येच नखाने तार छेडायची. टिंग. शेजारची, टिंग. एक जरा बसका आवाज देते, तिथे पाव चक्कर. मग दोन-दोन समांतर तारा मुठीत धरून करकचून दाबल्या, तसे आतून टक टक आवाज आले. ओवताना तारांना पडलेला पीळ असा सुटतो. इथे नाही सोडला तर पहिल्या राईडला सुटतो आणि चाक आऊट होतं, म्हणजे डगडगत फिरतं.

मी घरून माझा डायल गेज आणला होता. चाचांनी नुसत्या नजरेने आऊट काढलेलं चाक त्याखाली फिरवलं: ०.२५ मिलिमीटर. गेज गुपचूप पिशवीत घातला.

वजन किराणा दुकानात: १,८६० ग्रॅम. जुन्यापेक्षा ९० ग्रॅम हलकी.

५ जानेवारी २०२५, रविवार

नवी चाकं, दौलताबाद-खुलताबाद-म्हैसमाळ. पहिला किलोमीटरभर तारा दोन-चारदा टिचकल्या, मग गप्प. घाट १४ मिनिटं ३६ सेकंद. उतरताना आज ट्रॅक्टर, उसाच्या दोन ट्रॉल्या, पायथ्यापर्यंत त्याच्या मागे. ब्रेक धरूनच आलो. रिम गरम झाली, बोट ठेवता येईल इतकीच.

खिशात ट्यूब होती आणि आता ठिगळाची डबीही. पंक्चर झालं नाही.

१२ जानेवारी

अण्णा दवाखान्याच्या कामाला आलेले. गॅलरीतली सायकल दिसली. चाकाला हात लावून, "हीच का ती सात क्विंटलवाली?"

"नाही अण्णा. ही सव्वादोन क्विंटलची."

"आन् टायर?"

टायर ते धरतील असं वाटलं नव्हतं. टायर, ट्यूब, परतीचं कुरिअर, छर्रे, सगळं मिळून वर १०,९३० गेलेत. म्हणजे अजून जवळपास दीड क्विंटल. सांगितलं. त्यांनी नुसती मान हलवली आणि चाक एकदा फिरवून बघितलं. बराच वेळ फिरलं.

मागच्या चाकाचा आऊट २१० किलोमीटरनंतर ०.४. शनिवारी चाचांकडे. पुढच्या डाव्या पॅडमध्ये ॲल्युमिनियमचा कण रुतलाय, टाचणीने काढायचा आहे.